उजव्या सीटचं वजन

१

सकाळी साडेनऊला शेडचं शटर वर करायचं, शैलेंद्रचा चहा येईपर्यंत काल काढलेली मापं पुन्हा एकदा तपासायची आणि दहाला कामाला लागायचं, असा माझा बारा वर्षांचा नेम आहे. त्यावरून लोक मला हसतात. पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते तेव्हा विद्यार्थी हसायचे, आता शैलेंद्र हसतो. लोखंड एका रात्रीत बदलत नाही, पण काल थकलेल्या डोळ्यांनी काय वाचलं याचा भरवसा नसतो, म्हणून मी तपासते. निदान गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

उज्जैनला, मक्सी रोडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पोहा मिलच्या मागे माझी शेड आहे. जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करायच्या, हे आमचं काम. मी आराखडे काढते आणि शैलेंद्र पांचाल ते लोखंडात उतरवतो. तो तराण्याचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या वेल्डिंगवरून नख फिरवलं तर कुठे अडकत नाही.

फेब्रुवारीत गोपाळकृष्ण पागे आले. शहात्तर वर्षांचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, फ्रीगंजात राहणारे. इथली मराठी मंडळी त्यांना अण्णा म्हणतात. ते ऑटोतून उतरले आणि त्यांच्या मागून टेम्पोवर बांधलेली त्यांची जुनी हेराल्ड मोटार आली.

गाडी मी लगेच ओळखली. लहानपणी टॉवर चौकात कितीदा तरी पाहिली होती. फिकट निळी, आणि चालवायला अण्णांच्या पत्नी, सुमनकाकू. तेव्हा उज्जैनात बाईमाणूस गाडी चालवताना दिसलं की लोक वळून बघायचे. शेजारी डावीकडे अण्णा, मांडीवर भाजीची पिशवी. अण्णांना गाडी येत नव्हती. ते शिकलेच नाहीत.

"सुमन गेली त्याला तीन वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "गाडी त्याच्याही आधीपासून अंगणात उभी आहे. आता चालू करायची. ऋता चालवेल."

ऋता त्यांची एकुलती एक मुलगी, इंदूरला बँकेत आहे.

मी गाडीखाली शिरले आणि चेसिसला बोट लावलं. बोट आरपार गेलं.

"अण्णा, गाडीचा सांगाडाच संपलाय. दुरुस्ती नाही होणार. नवीन बनवावा लागेल."

"मग बनव," ते म्हणाले. "घाई नाही. पण नीट बनव."

२

हेराल्डची चेसिस माशाच्या काट्यासारखी असते. मधून दोन लांब तुळया जातात आणि दोन्ही बाजूंना फांद्या निघतात. त्या फांद्यांवर गाडीचं वरचं शरीर बोल्टांनी बसतं. आम्ही शरीर उतरवलं, जुना सांगाडा एका सपाट लोखंडी टेबलावर ठेवला आणि गंजानं जिथे काही शिल्लक ठेवलं होतं तिथे तिथे मापं घेतली. मार्च त्यातच गेला. नव्या तुळया मी किंचित जाड पत्र्याच्या धरल्या, फांद्यांचे जोड मजबूत केले, पाणी साचणार नाही अशी भोकं ठेवली. कागदावर ते चित्र फार देखणं दिसत होतं.

अण्णांनी त्यात एकच बदल सुचवला.

"ड्रायव्हरची सीट अशी सरकणारी नको. जुनी जिथे होती तिथेच पक्की कर. चार बोटं उंच आणि एवढी पुढे. सुमनच्या मापानं."

"पण अण्णा, ऋता उंच आहे. तिचे पाय..."

"ऋताचं मी बघेन."

गाडी त्यांची होती. शैलेंद्रनं उजवीकडे चार पाय जोडले, चार बोटं उंच, सुमनकाकूंच्या मापानं. त्याला कारण सांगितलं तर त्यानं फक्त मान डोलावली. जोड मात्र इतका सुबक केला, की त्यावर रंग देताना मला वाईट वाटलं.

एप्रिलच्या शेवटी इंजिन, चाकं, स्टिअरिंग सगळं नव्या सांगाड्यावर चढलं. देवास गेटच्या बाजारातून रेक्झिन आणून दोन्ही सीटा नव्यानं शिवून घेतल्या. वरचं शरीर अजून बाजूला लाकडी घोड्यांवर ठेवलेलं होतं. म्हणजे गाडी अशी दिसत होती: चार चाकं, लाल रंगाचा सांगाडा, आणि त्यावर उघड्यावर मांडलेल्या दोन खुर्च्या.

३

स्प्रिंगा किती ताकदीच्या घालायच्या हे ठरवायचं तर प्रत्येक चाकाखाली किती भार पडतो ते कळावं लागतं. त्यासाठी मी मंडीतल्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडून चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले होते. पोती मोजतात तसलेच, बॅटरीवर चालणारे. आकडा स्थिर झाला की ते बारीकसा 'टीं' असा आवाज करतात.

सीटा बसवण्याआधी चारही काट्यांची बेरीज चारशे बारा किलो होती. एकेक सीट तेरा किलोची. म्हणजे सीटांसकट चारशे अडतीस व्हायला हवे होते.

चारशे एकोणऐंशी झाले.

"शैलेंद्र, गाडीत हत्यारं राहिलीत का?"

"नहीं मैडम."

मी स्वतः बघितलं. काही नव्हतं. काट्यांची जागा बदलली, पुन्हा चारशे एकोणऐंशी. वीस किलोची वाळूची पिशवी प्रत्येक काट्यावर ठेवून पाहिली, प्रत्येकानं वीस दाखवले. जमीन पाणसळीनं तपासली. पंखे बंद केले.

मग डावी सीट काढली. तेरा किलो कमी झाले, बरोबर. ती परत बसवली आणि उजवी काढली. एकदम चोपन्न किलो कमी झाले.

ती उजवी सीट मी जमिनीवर, एकट्या काट्यावर ठेवली. तेरा.

दोन्ही सीटांची अदलाबदल केली. डावीकडची उजवीकडे घातली तरी तेच. म्हणजे दोष सीटचा नव्हता. उजव्या बाजूच्या त्या चार पायांवर कुठलीही सीट बसवली, की एक्केचाळीस किलो जास्त.

चारही चाकांवर तो भार कसा वाटला गेलाय यावरून त्याची जागा काढता येते. पाच मिनिटांचं गणित आहे. मी ते तीनदा केलं. भार सीटच्या मधोमध होता, गादीपासून साधारण एक वीत वर. माणूस बसल्यावर त्याचा भार जिथे येतो तिथे.

शैलेंद्र दारापाशी उभा राहून बिडी ओढत होता. शेडमध्ये तो कधी बिडी पेटवत नाही.

"काँटे ख़राब हैं," मी म्हटलं.

"हाँ मैडम," तो म्हणाला. पण आत काही आला नाही.

४

अण्णा रोज चारला यायचे. ऑटोतून उतरायचे, हातात थर्मास आणि दोन पेले. गाडीचं शरीर अजून चढलं नसलं तरी ते सांगाड्यावर चढून डाव्या सीटवर बसायचे आणि तासभर तिथेच असायचे. म्हाताऱ्या माणसाला गाडीची ओढ लागलीय, एवढंच मी समजत होते. थर्मासबरोबर दोन पेले का, हे मी विचारलं नव्हतं. दुसरा मला देतील असं वाटायचं. त्यांनी कधी दिला नाही.

त्या दिवशी ते बसलेले असताना मी सहज म्हणून बोलले, "अण्णा, गाडीत एक्केचाळीस किलो जास्त भरतायत. कुठून येतायत कळत नाही."

पेला त्यांच्या ओठांशी होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"कुठे? उजवीकडे?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला आधी बरंच वाटलं. भीती नंतर वाटली.

"एक्केचाळीसच होती ती," ते म्हणाले. "डायलिसिसला नेलं की आधी वजन करायचे आणि नंतर वजन करायचे. मला सगळे आकडे पाठ आहेत. शेवटचा एक्केचाळीस."

रामघाटावर सुमनकाकूंचं सगळं क्रियाकर्म यथासांग करून आलेला माणूस माझ्यासमोर बसून हे बोलत होता. मी म्हटलं, "योगायोग असतात, अण्णा."

"असतात ना," ते म्हणाले, आणि रिकाम्या सीटकडे वळून हलकेच हसले. आपल्या बोलण्यावर कुणी शेजारी हसलं की आपण वळतो ना, तसे.

५

आठवड्यानं मी पुन्हा वजन घेतलं. उजव्या सीटवर चव्वेचाळीस.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आकडा बदलतोय म्हणजे काटेच बिघडलेत, असं धरता आलं असतं. व्यापाऱ्याकडून दुसरे चार काटे आणले. चव्वेचाळीस. पुढच्या आठवड्यात एकोणपन्नास.

दुपारी शैलेंद्र जेवायला गेला की मी एकटीच असायची. पोहा मिल दीड ते अडीच बंद असते. त्या तासाभरात शेडमध्ये फक्त पत्रे तापून कुरकुरल्याचा आवाज येतो. मी टेबलाशी आराखडा बघत बसलेली असायची आणि पाठीमागे एक काटा म्हणायचा, टीं. आकडा स्थिर झाला की तो आवाज येतो. म्हणजे त्याआधी आकडा हलला, असं समजायचं. गाडीपाशी कुणी नसायचं.

अशाच एका दुपारी मला स्वतःचीच चीड आली. दहा वर्षं पोरांना शिकवलं, की जे मोजता येतं त्याला घाबरायचं नसतं. मी उठले, सांगाड्यावर चढले आणि उजव्या सीटवर बसले.

लगेच उठले. गादी आधीच दबलेली होती. कुणाच्या तरी मांडीवर बसावं तसं वाटलं मला, आणि त्या मांडीनं मला जागा करून द्यायला थोडं अंग चोरलं.

मी बाहेर येऊन मिलच्या भिंतीच्या सावलीत उभी राहिले. मनात आलं, बाई, उन्हाचं आहे हे. सकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात नाही. पण सावलीत जरा थांबल्यावर मला जे आठवलं ते उन्हाचं नव्हतं. मला वहीतली एक ओळ आठवली.

आत जाऊन वही उघडली. अण्णा डावीकडे बसलेले असताना मी दर आठवड्याला एकदा वजन घेत होते, कारण दोन माणसांचा भार धरूनच स्प्रिंगा ठरतात. पहिल्या आठवड्यात एकूण पाचशे पंचेचाळीस. दुसऱ्या आठवड्यात पाचशे पंचेचाळीस. तिसऱ्या आठवड्यात पाचशे पंचेचाळीस.

उजवी सीट आठ किलोंनी वाढली होती, तरी बेरीज तीच.

अण्णा पहिल्या आठवड्यात सहासष्ट किलो होते. मग त्रेसष्ट. आता अठ्ठावन्न. मला आठवलं, चहा ओतताना त्यांचं घड्याळ घसरून कोपरापर्यंत जायला लागलं होतं. मी रोज बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

६

"अण्णा, डॉक्टरला दाखवलंत का?"

"ऋता घेऊन गेली होती इंदूरला. सगळे रिपोर्ट नॉर्मल."

मी वहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला आणि पार्सलची पावती तपासावी तसं एकेका आकड्याखालून बोट फिरवत वाचलं.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरी काटा आहे ना. तिच्यासाठीच घेतलेला."

"अण्णा, हे थांबवायला पाहिजे."

"का?" त्यांनी हे खरोखरच विचारलं. "चार वर्षं, अपर्णा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिला जेवण जात नव्हतं. मी माझ्या ताटातला घास तिच्या ताटात टाकायचो, मी पाणी आणायला उठलो की ती तो परत माझ्या ताटात ठेवायची. एक किलो वाढेल म्हणून काय काय नाही केलं आम्ही! नाही वाढलं. आता घेते आहे, तर घेऊ दे की."

तरी मी विचारलं, "हे कुठून येतंय ते काकूंना माहीत आहे का?"

अण्णांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच कडक झालेला ऐकला.

"तिला काही सांगायचं नाही."

ते गेल्यावर मी शैलेंद्रला म्हटलं, उजवीकडचे चारही पाय कापून टाक. सीट डाव्या बाजूसारखी सरकती करू. त्यानं ग्राइंडर हातात घेतला, सांगाड्यापाशी गेला, दोन मिनिटं तिथे उभा राहिला आणि ग्राइंडर परत खाली ठेवून आला.

"मैडम, मैं नहीं काटूँगा."

"क्यों?"

"कोई बैठा हो तो उसके नीचे से कुर्सी नहीं खींचते."

मीही नाही कापले. कापता आले असते, मला ग्राइंडर चालवता येतो. मी फक्त अण्णांना फोन केला आणि आठवडाभर येऊ नका, रंगाचं काम आहे, वास सोसायचा नाही, असं खोटं सांगितलं. गाडीपासून लांब राहिले तर थांबेल, असं वाटलं मला.

थांबलं नाही. चार दिवसांत सीटवर सत्तावन्न झाले. पाचव्या दिवशी अण्णा घरी न्हाणीघराच्या दारात पडले.

७

तो मे महिन्यातला मंगळवार होता. देखभालीसाठी पूर्ण वसाहतीची बिजली सकाळपासून बंद होती, त्यामुळे मिल बंद, लेथ बंद, सगळंच बंद. शैलेंद्र सुट्टीवर. मी का आले होते ते मलाच ठाऊक नव्हतं. काटे बॅटरीवर चालत होते. सीटवर एकसष्ट.

दोनच्या सुमारास ऋताचा फोन आला. ती फ्रीगंजमधल्याच एका दवाखान्यात होती.

"अपर्णाताई, सलाइन चालू आहे. डॉक्टरांना काही सापडतच नाहीये. शेहेचाळीस किलो झालेत हो ते. आणि हसून राहिलेत. म्हणतात, ठीक आहे, ठीक आहे. मला काही समजत नाही, मी काय करू?"

ती रडत होती. मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. फोन ठेवला, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि गाडीपुढे तीन हातांवर ठेवून त्यावर बसले.

मला फार लाज वाटत होती. भीतीपेक्षा लाज. उघड्या सांगाड्यावरच्या दोन खुर्च्यांपुढे बसून पंचेचाळीस वर्षांची इंजिनियर बाई बोलणार होती.

"सुमनकाकू," मी म्हटलं. आवाज फाटला. घसा साफ करून पुन्हा म्हटलं, "सुमनकाकू, मी अपर्णा. सुभेदारांची. तुम्ही मला ओळखत नसाल."

पत्रा कुरकुरला. बाहेर लू चालली होती, तिनं शटरखालून थोडी धूळ आत लोटली.

"अण्णा दवाखान्यात आहेत. त्यांचं वजन शेहेचाळीस झालंय. तुमचं एकसष्ट. दोन्ही मिळून एकशे सात होतात, पहिल्या दिवसापासून एकशे सातच होतायत. तुम्हाला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. ते तुम्हाला सांगणार नाहीत. मलाही सांगू नको म्हणाले. पण कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं ना, काकू?"

एवढंच बोलले.

बराच वेळ काही झालं नाही. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मनातल्या मनात मी हिशेब लावत होते, की आता उठायचं, शटर ओढायचं, दवाखान्यात जायचं आणि हे कुणालाही सांगायचं नाही.

मग स्टिअरिंग हललं.

एका बाजूला, पाव वळसा. ते कुणी वळवलं नव्हतं. त्यावर भार पडला होता. पुढची चाकं त्याबरोबर किंचित वळली आणि काट्यांच्या पत्र्यावर रबर घासल्याचा आवाज आला. उजव्या सीटची गादी एका कडेनं वर आली, थांबली, पुन्हा खाली बसली. पुन्हा वर आली. मग दुसरी कड. रेक्झिनला पडलेली चुणी हळूहळू सुटत गेली. स्टिअरिंग आपोआप सरळ झालं.

मी काट्यांकडे बघितलं. उजवीकडचे दोन आकडे खाली येत होते. आणि डावीकडचे वर जात होते.

डाव्या सीटची गादी दबली.

कुणी दिसलं नाही. मी शपथेवर सांगते, काही दिसलं नाही, रेक्झिनमध्ये एक खळगा पडलेला, एवढंच. खळगा सीटच्या पुढच्या कडेला होता, पाठ न टेकता बसल्यासारखा. चारही काटे एकामागून एक बोलले, टीं, टीं, टीं, टीं, आणि मग शांत झाले. मी घड्याळ बघितलं, कारण काहीतरी मोजल्याशिवाय माझ्याच्यानं तिथे बसवलं नसतं. तीनला नऊ मिनिटं कमी होती.

तीन वाजून दोन मिनिटांनी खळगा भरून आला. सावकाश, बराच वेळ लावून. मी उठून चारही काट्यांची बेरीज केली.

चारशे अडतीस.

८

ऋताचा फोन सव्वातीनला आला. अण्णांनी खिचडी मागितली होती आणि खाताना ते लहान मुलासारखे रडत होते. का रडतायत ते सांगत नव्हते.

ते सावकाश भरून आले. जूनमध्ये पन्नास, राखीच्या सुमाराला सत्तावन्न. मला ऋता कळवायची. अण्णा स्वतः कधी फोनवर आले नाहीत, शेडकडेही फिरकले नाहीत. मी दोनदा घरी गेले, तर झोपलेत असं सांगण्यात आलं. दुसऱ्या वेळी आतून रेडिओचा आवाज येत होता.

सप्टेंबरात ऋता गाडी बघायला आली. उजव्या सीटवर बसली तर तिचे गुडघे स्टिअरिंगला लागले. मी शैलेंद्रकडे बघितलं. तो सांगाड्यापाशी गेला, उजव्या बाजूला तळवा टेकवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग न बोलता ग्राइंडर उचलला. सीट सरकती झाली. वरचं शरीर चढलं, फिकट निळा रंग लागला. मी शेवटचं वजन घेतलं, ते कागदावर काढलं होतं त्यापेक्षा अडीचशे ग्रॅम कमी भरलं.

डिसेंबरात एका सकाळी अण्णा आले. ऋता त्यांना गेटपाशी सोडून मागेच थांबली. अंगावर स्वेटर, अंग पुन्हा भरलेलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं आणि डाव्या सीटवर बसले. मी खिडकीपाशी गेले.

"तू सांगितलंस तिला," ते समोर बघत म्हणाले.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो, अण्णा."

जायला सांगतील असं मला वाटलं, आणि सांगितलं असतं तर मी गेलेही असते. मिलमध्ये यंत्रं सुरू झाली होती, तिकडून ताज्या पोह्यांचा वास येत होता.

"उठताना त्रास झाला का तिला?" त्यांनी विचारलं. "शेवटी गुडघे राहिले नव्हते तिचे."

मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नाही म्हणावं असं मनात आलं. पण या माणसापासून आणखी काही लपवायची माझी हिंमत झाली नाही.

"झाला," मी म्हटलं. "स्टिअरिंगला धरून उठल्या. दोनदा प्रयत्न करावा लागला."

त्यांनी डोळे मिटले.

"मग लगेच नाही गेल्या, अण्णा. आधी तुमच्या सीटवर येऊन बसल्या."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

"इथे?"

"तिथेच."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

अण्णांनी दोन्ही तळवे मांडीखाली, सीटच्या कडेवर टेकवले. त्यांचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं आता रडतील, पण ते हसत होते, गालांवरून पाणी वाहत असताना हसत होते.

"चाळीस वर्षं सांगत होतो तिला," ते म्हणाले. "एकदा इकडे बसून बघ. गाडी मी ढकलत नेईन हवं तर, पण तू एकदा इकडे बस. इथून सगळं दिसतं."